सॉल्ट रूम थेरपी : मिठाच्या खोलीत बसून दमा बरा होतो का?

ऋतू बदलला की खोकला, सर्दी आणि दम्याचे रुग्ण वाढतात. बेळगाव-निपाणी असो, पणजी-म्हापसा असो की बडोदा-इंदूर, हा अनुभव सगळीकडे सारखाच. अशा वेळी मोबाईलवर एक जाहिरात हमखास दिसते. औषध नाही, सुई नाही, फक्त पाऊण तास मिठाच्या खोलीत आराम करायचा आणि श्वास मोकळा करून घ्यायचा, असा तिचा सूर असतो. मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबादसारख्या शहरांत अशा 'सॉल्ट रूम' सुरू आहेत. गावाकडची माणसं नातेवाइकांकडे जाऊन तिथे दहा-पंधरा दिवसांचं पॅकेज घेतात, लहान मुलांनाही नेतात.

हा उपचार नेमका काय आहे, कुठून आला, त्याने काय होतं, काय होत नाही आणि पैसे भरण्याआधी काय विचारावं, याची ही माहिती.

सॉल्ट रूम म्हणजे काय?

या उपचाराला 'हॅलोथेरपी' असंही म्हणतात. ग्रीक भाषेत 'हॅल्स' म्हणजे मीठ. खोलीच्या भिंतींवर आणि जमिनीवर मीठ असतं. भिंतींना बहुतेक वेळा गुलाबी सैंधवाच्या विटा लावलेल्या असतात, खाली जाडं मीठ पसरलेलं असतं. मंद दिवे, हळू आवाजात संगीत आणि टेकून बसायच्या खुर्च्या. मोठ्यांसाठी साधारण ४५ मिनिटांचं एक सत्र असतं, लहान मुलांसाठी त्याहून कमी. दहा ते वीस सत्रं घ्या, असं बहुतेक ठिकाणी सांगतात.

या खोल्या दोन प्रकारच्या असतात आणि तो फरक ग्राहकाला क्वचितच सांगितला जातो. पहिल्या प्रकारात 'हॅलोजनरेटर' नावाचं यंत्र असतं. ते कोरडं मीठ दळून त्याची अगदी बारीक भुकटी हवेत सोडतं. पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात, त्याहून मोठे कण नाकात आणि घशातच अडकतात. दुसऱ्या प्रकारात यंत्रच नसतं, फक्त भिंतीला मीठ असतं.

मीठ हवेत आपोआप उडत नाही. ते वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. त्यामुळे खोलीच्या तापमानाला भिंतीच्या विटांमधून श्वासात मीठ येत नाही. यंत्र नसेल तर ती खोली म्हणजे मिठाने सजवलेली बैठक. घरात लावायच्या 'सॉल्ट लॅम्प'ची गोष्टही हीच.

सुरुवात पोलंडच्या खाणीतून

जाहिरातीत कधी हा उपचार आयुर्वेदाचा म्हणून सांगतात, कधी हिमालयाचा. प्रत्यक्षात तो पूर्व युरोपातून आला. पोलंडमध्ये क्राकूव शहराजवळ व्येलिच्का इथे मिठाची जुनी, प्रचंड खाण आहे. ती ३२७ मीटर खोल जाते आणि १९७८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथले डॉक्टर फेलिक्स बोचकोव्स्की यांनी १८३९ मध्ये खाऱ्या पाण्याच्या आंघोळीचे उपचार सुरू केले. खाणीतल्या मजुरांना श्वासाचा त्रास कमी होतो, हे निरीक्षणही त्यांच्याच नावाने सांगितलं जातं. पुढे १९६० च्या दशकात डॉ. म्येचिस्वाव स्कुलिमोव्स्की यांनी त्याच खाणीत दमा आणि अॅलर्जीच्या रुग्णांसाठी केंद्र उभं केलं. आजही तिथे जमिनीखाली १३५ मीटरवर उपचार केंद्र चालतं.

युक्रेन, रुमानिया, बेलारूस, अझरबैजान या देशांतही मीठ किंवा पोटॅशच्या खाणींत अशी केंद्रं निघाली. आपल्या शेजारी पाकिस्तानच्या पंजाबात खेवडा इथल्या खाणीत २००७ मध्ये दम्याच्या रुग्णांसाठी २० खाटांचा विभाग सुरू झाला. बाजारात 'हिमालयन पिंक सॉल्ट' म्हणून विकलं जाणारं बरंचसं मीठ याच खाणीतलं. ही खाण सॉल्ट रेंज नावाच्या डोंगररांगेत आहे, हिमालयाच्या बर्फाशी तिचा संबंध नाही. गुलाबी रंग येतो तो लोहाच्या अंशामुळे. आपल्याकडे आजीच्या बटव्यात जे शेंदेलोण असायचं, तेच हे.

खाणीत जायला प्रत्येकाला जमत नाही. म्हणून १९८० च्या दशकात सोव्हिएत संघात खाणीची हवा खोलीत तयार करण्याचं तंत्र निघालं. आजची सॉल्ट रूम ही त्याच कल्पनेची व्यापारी आवृत्ती.

खाणीत आणखी काय काय असतं?

खाणीत रुग्णाला बरं वाटत असेल तर ते फक्त मिठामुळेच, असं धरून चालता येत नाही. जमिनीखाली शंभर-दोनशे मीटरवर फुलांचे परागकण नसतात. गाड्यांचा आणि चुलीचा धूर नसतो. तापमान बारा महिने जवळपास एकसारखं असतं. रुग्ण तिथे बरेच दिवस येत-जात राहतात किंवा राहतात. रोजची धावपळ थांबते, डॉक्टरची नजर असते आणि श्वसनाचे व्यायाम करून घेतले जातात.

यातलं शहरातल्या सॉल्ट रूममध्ये काय मिळतं? पाऊण तास शांतता आणि मीठ. बाहेर पडल्यावर रस्त्यावर तोच धूर, घरी तीच धूळ, तीच ओल आणि बुरशी. परिणाम खाणीचा सांगायचा आणि पैसे भिंतीवरच्या विटांचे घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

अभ्यास काय सांगतात?

वैद्यकीय पुराव्यांची काटेकोर छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेने २००१ मध्ये खाणी आणि गुहांमधल्या उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. निकषात बसणारे फक्त तीन अभ्यास सापडले. त्यांत दम्याची मिळून १२४ मुलं होती. तीनपैकी एकाच अभ्यासाची पद्धत बऱ्यापैकी होती. दोन अभ्यासांत काही काळापुरता फायदा दिसला. पण एवढ्यावरून हा उपचार दम्यावर चालतो, असं म्हणता येणार नाही, हाच आढाव्याचा निष्कर्ष होता. सिगारेट, चुलीचा धूर यांमुळे होणाऱ्या सीओपीडी या फुप्फुसाच्या आजाराबाबत २०१४ मध्ये असाच आढावा निघाला. तिथेही शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही.

सॉल्ट रूमच्या बाजूने सगळ्यात जास्त सांगितला जातो तो इस्रायलमधला २०१७ चा अभ्यास. सौम्य दमा असलेली ५ ते १३ वर्षांची २९ मुलं त्यात होती. सात आठवड्यांत १४ सत्रं दिली. निम्म्या मुलांच्या खोलीत हॅलोजनरेटर चालू होतं. उरलेली मुलंही मिठाच्याच खोलीत बसली, पण त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. यंत्राच्या गटातल्या मुलांच्या श्वासनलिकांची संवेदनशीलता काहीशी कमी झाली आणि त्यांचा रोजचा त्रासही कमी झाल्याची नोंद झाली. फुप्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीत मात्र फरक पडला नाही.

या अभ्यासातून दोन गोष्टी निघतात. सौम्य दम्यात बारीक मिठाच्या कणांचा थोडा उपयोग असू शकतो, त्यावर आणखी मोठे अभ्यास व्हायला हवेत. आणि नुसत्या मिठाच्या भिंतींनी तो परिणाम साधला नाही. २९ मुलांच्या अभ्यासाचा आधार घेऊन साठ वर्षांच्या जुन्या दमेकऱ्याला 'शंभर टक्के गुण' सांगणं हा तर वेगळाच प्रकार.

मिठाचा खरा औषधी वापर

मीठ श्वसनाच्या आजारात वापरतच नाहीत, असं नाही. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात चिकट कफ साठतो. त्या रुग्णांना ७ टक्के मिठाचं निर्जंतुक द्रावण नेब्युलायझरने देतात. ऑस्ट्रेलियात १६४ रुग्णांवर ४८ आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मीठ-पाण्याची वाफ घेणाऱ्या गटात आजार उसळण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी झालं. मीठ पाणी ओढून घेतं, त्यामुळे कफ पातळ होतो आणि खोकून बाहेर पडतो, हे त्यामागचं साधं शास्त्र.

पण हाच उपचार देण्याआधी श्वासनलिका रुंद करणारं औषध दिलं जातं. कारण तीव्र खारं द्रावण दमेकऱ्याच्या नळ्या आवळूही शकतं. काही प्रयोगशाळांमध्ये दमा आहे की नाही हे तपासायला ४.५ टक्के मीठ-पाण्याचा फवारा मुद्दाम हुंगायला देतात. श्वास आवळला तर दम्याचा संशय पक्का होतो. ज्या पदार्थाने दमा 'उठवून' पाहतात, तोच दम्यावर निर्धोक आहे असं सरसकट सांगणं म्हणूनच बरोबर नाही.

दुसरा उपयोग नाकाचा. अॅलर्जीची सर्दी आणि जुन्या सायनसमध्ये कोमट मीठ-पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपल्याकडची जलनेती, याने बऱ्याच जणांना आराम पडतो आणि नाक-कान-घशाचे डॉक्टरही ते सुचवतात. प्रमाण एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालू नये, कारण त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका असतो. तो दुर्मीळ असला तरी जीवघेणा आहे. या उपचाराचा खर्च जवळपास शून्य.

मीठ कुठलंही असो, त्याचा मुख्य घटक सोडियम क्लोराईड. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं असो, हिमाचलातल्या मंडीच्या खाणीतलं असो की खेवड्याचं, फुप्फुसाला त्यातला फरक कळत नाही.

हिशेब मांडून पाहू

निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. ४५ मिनिटांत ती होते सुमारे ३०० लिटर, म्हणजे एका घनमीटरचा तिसरा भाग. यंत्राने हवेत घनमीटरमागे १० मिलिग्रॅम मीठ सोडलं, असं धरलं तरी एका सत्रात श्वासातून आत जातं ते ३ मिलिग्रॅम. चिमटीभर मीठ ३०० मिलिग्रॅम धरलं तर हा त्याचा शंभरावा भाग झाला. नेब्युलायझरच्या ४ मिलिलिटर ७ टक्के द्रावणात मात्र २८० मिलिग्रॅम मीठ असतं. त्यातलं सगळं फुप्फुसात पोचत नाही, तरी दोन्हींतलं अंतर केवढं आहे ते लक्षात येईल. एवढ्या मिठाने रक्तदाब वाढेल ही भीती जशी बिनबुडाची, तसंच एवढ्या मिठाने वर्षानुवर्षांचा कफ निघेल ही आशाही.

आता पैशांचा हिशेब. दर शहराप्रमाणे बदलतात. एका सत्राला ८०० रुपये धरले तर १५ सत्रांचे १२ हजार झाले. त्यात गावाहून जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली रोजंदारी वेगळी. दम्यावर रोज घ्यायच्या पंपाचा महिन्याचा खर्च बहुतेकदा काहीशे रुपयांत बसतो. सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड ही औषधं राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं.

आरोग्य विम्यातूनही हे पैसे मिळतील असं समजू नका. स्पा, निसर्गोपचार केंद्र आणि तत्सम ठिकाणचे उपचार, तसंच शास्त्रीय पुरावा नसलेले उपचार हे पॉलिसीतल्या नेहमीच्या वगळलेल्या बाबींत मोडतात. पॉलिसीच्या कागदात ते छापलेलं असतं, फक्त अक्षर बारीक असतं.

खरी काळजी पंप बंद होण्याची

देशात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. याचं एक मोठं कारण म्हणजे रोजचं औषध वेळेवर सुरू होत नाही किंवा मध्येच सोडलं जातं. 'पंप लागला की आयुष्यभराची सवय लागते', 'मुलीला पंप आहे म्हटलं तर सोयरीक जमणार नाही', ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. म्हणून लोक पर्याय शोधत राहतात. मृगाला हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर माशाच्या प्रसादासाठी लागणारी रांग त्यातूनच येते, आणि मिठाच्या खोलीतलं बुकिंगही.

पंपाची सवय लागत नाही. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, ती स्टेरॉइडच्या पंपाने आटोक्यात राहते. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात, पण मात्रा बघा. ब्युडेसोनाइडच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध असेल तर ते एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग झालं. पंप टाळून दमा उसळला तर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यातलं स्टेरॉइड याच्या कित्येक पट असतं. पंप घेतल्यावर चूळ भरली की तोंड येण्यासारखे त्रासही टळतात.

मिठाच्या खोलीत पाऊण तास शांत बसून बरं वाटतं, ते खरं आहे. मन शांत झालं की श्वासही संथ होतो. अडचण तिथून पुढे सुरू होते. बरं वाटतंय म्हणून पंप कपाटात जातो, आतली सूज तशीच राहते आणि पुढच्या थंडीत मध्यरात्री रिक्षा शोधायची वेळ येते.

यांनी जाऊ नये

– दम्याचा झटका चालू असेल किंवा गेल्या काही दिवसांत येऊन गेला असेल तर.
– ताप, अंगावर न्यूमोनिया, खोकल्यातून रक्त.
– क्षयरोग किंवा त्याचा संशय. बंद खोलीत शेजारी बसलेल्यालाही धोका होतो.
– ऑक्सिजनवर असलेले रुग्ण, नुकतीच छातीची शस्त्रक्रिया झालेले.
– गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. फाउंड्रीत, दगडाच्या खाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांनी तर एक्स-रे काढल्याशिवाय कुठल्याही पॅकेजचे पैसे भरू नयेत. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसावर पडलेले वण मिठाने जात नाहीत, आणि वेळ गेली की तपासणीला उशीर होतो.

जायचंच असेल तर

मन शांत करायला, बदल म्हणून कुणी जात असेल तर हरकत नाही. पैसे देण्याआधी मात्र एवढं विचारा :

१. हॅलोजनरेटर आहे का? सत्र चालू असताना ते दाखवाल का?
२. इथे डॉक्टर कोण आहेत, त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांना केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नसेल आणि जागा 'स्पा' म्हणून चालत असेल तर तिथे रोगावर इलाज होतो असं समजू नये.
३. दोन सत्रांच्या मध्ये हवा बदलता का? मीठ आणि खुर्च्या कधी साफ होतात?
४. पाच सत्रांनंतर सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतील का? लेखी द्या म्हणावं.
५. चालू औषधं बंद करा, असं सांगतात का? सांगत असतील तर तिथूनच परत फिरा.

जाताना निळा, म्हणजे तातडीने आराम देणारा पंप खिशात ठेवा. खोकला वाढला, छाती आवळली तर लगेच बाहेर या. पीक फ्लो मीटर हे छोटं उपकरण औषधाच्या दुकानात मिळतं. सत्रं सुरू करण्याआधी आठवडाभर आणि नंतर महिनाभर रोज सकाळी त्यात फुंकून आकडा वहीत लिहिला, तर गुण आला की नाही ते जाहिरातीवाचून कळेल.

खोट्या दाव्याची तक्रार

औषधविषयक नियमांच्या 'शेड्यूल जे' या यादीत दम्याचं नाव आहे. यादीतले आजार बरे करतो, असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. गोळीला जे म्हणायची मुभा नाही ते खोलीने छातीठोकपणे म्हणावं, हे ग्राहकाने मान्य करायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवांनाही लागू आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तो सगळ्या राज्यांत एकच आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पावती जपून ठेवा.

हे मात्र थांबू नये

बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासाबरोबर आत ओढली जाते, निळा पंप घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत आराम नाही, यातलं एकही लक्षण दिसलं तर वाफ, मीठ, तेल यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात आणि मध्य प्रदेश, सगळीकडे हाच क्रमांक चालतो. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला आडवं झोपवू नका, बसतं ठेवा आणि पंप देत राहा.